सात काड्या डावीकडे

पट्टीबाईंनी आयुष्यात एकही चटई वाकडी विणली नाही, आणि त्यामुळेच धाकटं तळं हातचं जायची वेळ आली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खुद्द पट्टीबाईंना ते समजायला एकोणीस वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा हाताशी जेमतेम एक दिवस उरला होता.

पट्टीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. विणकामाच्या खोलीतल्या बायकांनी ते ठेवलं होतं, अर्थातच पाठीमागे. बाईंच्या चटईवर पट्टी ठेवून पाहिली तर पट्टीच वाकडी निघेल, असं त्या म्हणायच्या. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. वरवर नाक मुरडलं आणि आतून सुखावल्या. तेव्हापासून ते नाव तोंडावरही चालू झालं.

तळी तीन. थोरलं, मधलं आणि धाकटं. थोरल्यातलं पाणी मधल्यात येतं ते उघड्या ओहोळातून, ते कुणालाही दिसतं. मधलं आणि धाकटं यांच्यामध्ये मात्र लव्हाळ्यांचं दाट रान होतं, माणूस आत शिरला तर त्याचं डोकंही दिसू नये इतकं. जुनी माणसं सांगायची की पूर्वी तिथूनही होड्या जायच्या, लव्हाळ्याचे भारे लादून. पुढे मुळांचं जाळं पाण्यावर पसरलं, त्याच्यावर माती बसली, मातीवर पुन्हा लव्हाळी उगवली आणि वाट बुजली. मग रस्ता झाला, हातगाड्या आल्या, आणि होडीने धाकट्यावर जायची गरजच कुणाला उरली नाही. वाट नक्की कुठे होती, हे सांगणारी माणसं एकेक करून गेली.

आता सरकारने नवी यादी काढली होती. एकमेकांना जोडलेली तळी सगळीच्या सगळी राखीव होणार होती. धाकटं जोडलेलं आहे हे सिद्ध झालं तर तेही वाचणार होतं. नाही झालं, तर कागदोपत्री ते तळं नव्हतंच, डबकं होतं. आणि डबकं बुजवायला कुणाची आडकाठी नसते. तिथे गोदाम यायचं होतं. गोदामाचे खांब कुठे रोवायचे त्याच्या खुणाही काठावर मारून झाल्या होत्या, पांढऱ्या चुन्याने. पाणकोंबड्या त्या खुणांवरून खुशाल फिरत होत्या.

विणकामाच्या खोलीतल्या चौदाजणींचा जीव टांगणीला लागला होता तो यासाठी. चटईची काडी येते ती धाकट्यातूनच. थोरल्याकाठची लव्हाळी जाड, मोडकी. मधल्याची बरी, पण वाळली की चिरते. धाकट्याची काडी बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही. तळं गेलं की काडी गेली, काडी गेली की चार पिढ्यांची विद्या गेली, आणि मग पट्टीबाई कसल्या आणि काय.

गुरुवारी सकाळी समिती शेवटची पाहणी करायला येणार होती. बुधवारी सकाळी मोजणीच्या मॅडम विणकामाच्या खोलीत आल्या. गुडघ्यापर्यंत बूट चिखलाने माखलेले, चेहरा उतरलेला. तीन आठवडे त्या लव्हाळ्यांच्या रानात फळ्या टाकून हिंडत होत्या. त्यांना तळं वाचावंसं वाटत होतं, म्हणून बायकांना त्या आवडायच्या.

"बाई, मी हरले," त्या म्हणाल्या. "दर दहा पावलांवर सळई घातली. धक्क्यालगत पाणी लागतं, ते मधल्याचंच. पुढे सगळीकडे चिकणमाती, दगडासारखी. खाली पाणी नाहीच."

"रान केवढं अफाट आहे. दुसरीकडे असेल," पट्टीबाई म्हणाल्या.

"सगळं रान धुंडाळायला वर्ष लागेल. मधल्यात रंग टाकून बघावा तर एवढ्या पाण्यात तो विरूनच जाईल. नक्की जागा कळल्याशिवाय उपयोग नाही. आणि जागा तर मी तुमच्याच चटईवरून धरली होती."

"माझ्या चटईवरून?"

मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. तिथे खोलीतली सर्वांत मोठी चटई टांगलेली होती, पट्टीबाईंनी स्वतः विणलेली, बक्षीस मिळालेली. तीन मोठे चौकोन आणि त्यांना टोकाला टोक जोडणारे दोन पट्टे. या खोलीतली प्रत्येक चटई याच नक्षीची.

"ही नुसती नक्षी नाही, बाई. हा नकाशा आहे. हे थोरलं, हे मधलं, हे धाकटं. पहिला पट्टा मी ओहोळाशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. म्हणून म्हटलं, दुसराही खरा असणार. मधल्याच्या धक्क्यापासून सरळ रेघ धरली आणि गेले."

"सरळ," पट्टीबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या दुसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

कारण तो दुसरा पट्टा मुळात सरळ नव्हताच. सासूबाई विणायच्या तेव्हा तो अर्ध्या वाटेत एका बाजूला कलायचा आणि पुढे जाऊन परत मूळ रेघेवर यायचा. सुरेख चटई, आणि मधेच ते व्यंग. नव्या सुनेने एकदा भीत भीत विचारलं होतं, तर सासूबाई "असंच असतं" एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हा सुनेकडे फक्त चौकोन असायचे, पट्टे जुन्या बायका विणायच्या. पट्टीबाईंनी ठरवून टाकलं की म्हातारीची नजर अधू झाली आहे आणि बाकीच्या तिची चूक गिरवत बसल्या आहेत. सासूबाई गेल्या, खोलीची सूत्रं सुनेच्या हाती आली, आणि सुनेने पहिल्याच आठवड्यात पट्टा सरळ केला. नियमच केला तसा. चटई काही जन्माला पुरत नाही, दहा-बारा वर्षांत झिजते. जुन्या वाकड्या चटया झिजल्या, फेकल्या गेल्या, आणि घरोघरी सरळ चटया आल्या.

ऐकलं नाही ते एकाच बाईने, पट्टीबाईंच्या नणंदेने. "आईने मला असंच शिकवलंय," ती म्हणाली. "या खोलीत वाकडं चालणार नाही," पट्टीबाई चारचौघींसमोर म्हणाल्या. नणंदेने आपली सुरी आणि गुडघ्याखालची उशी उचलली आणि ती जी बाहेर पडली, ती एकोणीस वर्षांत खोलीची पायरी चढली नव्हती. घरच्या कार्यात दोघी भेटायच्या, एकमेकींना अहोजाहो करायच्या, आणि त्यापलीकडे चकार शब्द नाही.

पट्टीबाईंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. डावीकडे की उजवीकडे? किती काड्या? काही केल्या आठवेना. एखादी गोष्ट चूकच आहे असं एकदा ठरवलं की माणूस ती नीट बघतही नाही. मग त्यांनी काड्यांचा चुरा झटकला आणि चपला घातल्या. मॅडमना म्हणाल्या, "चला. मला एके ठिकाणी जायचंय आणि एकटीने जायचं धैर्य नाही."

नणंदेचं इस्त्रीचं दुकान होतं, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. दिवसभर जगाच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढून सरळ करणारी बाई घरी जाऊन वाकड्या चटया विणते, हा गावातला जुना विनोद. पट्टीबाईंनी तो पुष्कळदा हसून ऐकला होता. आज दारात उभं राहताना तो त्यांना अजिबात आठवायला नको होता.

"या, वहिनी," नणंद म्हणाली. इस्त्री हातातच होती. "वाट चुकलात?"

"नाही, वन्सं. मुद्दामच आले."

"चहा ठेवू?"

"नको."

"म्हणजे काम मोठं दिसतंय." नणंदेने सदऱ्याची बाही पलटली. "म्हणा मग."

"काय म्हणू?"

"जे म्हणायला एवढ्या लांब आलात ते."

मॅडमनी तोंड उघडलं, पण पट्टीबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. हे दुसऱ्याने सांगून भागणारं नव्हतं.

"सासूबाईंची चटई बरोबर होती. तुमचीही बरोबर होती. मीच शहाणपणा केला, आणि त्या शहाणपणापायी धाकटं बुजायची वेळ आलीय. मला तो बाक बघायचाय, वन्सं. माझ्या काही लक्षात राहिला नाही."

इस्त्री सदऱ्यावर जरा जास्तच वेळ थांबली. कापड करपायच्या आत नणंदेने ती उचलून उभी केली, बटण बंद केलं, आणि म्हणाली, "टेबल धरा तिकडून."

इस्त्रीच्या टेबलाखाली चटई होती. जिथे ती दिवसभर उभी राहायची तिथे दोन पावलांचे दोन खळगे पडले होते, पण चौकोन शाबूत होते आणि पट्टाही. आणि तो वाकडा होता. किती छान वाकडा होता, पट्टीबाईंना वाटलं. असं त्यांना एखाद्या वाकड्या गोष्टीबद्दल पहिल्यांदाच वाटत होतं. तिघी गुडघ्यांवर बसल्या. नणंदेने मधल्या चौकोनाच्या टोकावर बोट टेकलं आणि पुटपुटत मोजायला लागली, "काडी एक, होडी एक. काडी दोन, होडी दोन..."

"हे काय म्हणताय?" मॅडमनी विचारलं.

"आई मोजताना म्हणायची. म्हणून मीही म्हणते."

"मी मनात मोजते," पट्टीबाई हळूच म्हणाल्या.

मॅडम मात्र ताठ झाल्या होत्या. "एका काडीला एक होडी? म्हणजे होडीची एक लांबी? अहो, तुमच्या सासूबाईंनी नकाशाचं मापसुद्धा सांगून ठेवलंय."

बारा काड्या सरळ. मग सात काड्या डावीकडे. आणि तिथे, वळणाच्या कोपऱ्यात, एकच काडी काळी रंगवलेली.

"ही कशाला?"

"ठाऊक नाही," नणंद म्हणाली. "सगळं विसरलीस तरी चालेल, काळी काडी विसरू नकोस, असं आई म्हणायची."

गुरुवारी सकाळी सात वाजता चौदाच्या चौदाजणी विळे घेऊन मधल्याच्या धक्क्यावर हजर होत्या, आणि पंधरावी होती नणंद. तिने दुकानाला कुलूप लावलं होतं. पट्टीबाईंच्या नवऱ्याने आपली होडी आणली होती. हे गृहस्थ दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत, त्यातली पाच होडीशी. दोरीने होडी मोजली, तेवढीच दोरी धरून मॅडमच्या फळ्यांवरून बारा लांब्या आत गेल्या, आणि मग डावीकडे विळे चालायला लागले. कापणी हे बायकांचं रोजचं काम. एकीने मूठ धरायची, दुसरीने बुंध्याशी विळा फिरवायचा, तिसरीने भारा मागे टाकायचा. दोन तासांत सात लांब्यांची वाट झाली. तोवर दहा वाजले आणि समितीही आली. चौघंजण, आणि पुढे काठी टेकत अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, पायाने अधू.

मॅडमनी सळई घातली. वीतभर गेली आणि खट्‌ करून थांबली. चिकणमाती.

दोन पावलं पुढे घातली. चिकणमाती. बाजूला घातली, तेच. समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. आपण सगळ्यांना वेडं केलं, असं पट्टीबाईंना वाटलं, आणि पहिल्यांदा सरळ करून आणि आता वाकडं करून, दोन्हीकडून आपणच ते तळं घालवलं.

तेव्हा नवरा बोलला.

"आईच्या वेळची होडी मोठी होती," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. इतक्या नजरा एकदम अंगावर आल्यावर तो बिचारा कावराबावरा झाला, पण बोलला. "भारे वाहायची होडी. ही मासे धरायची आहे. ती बाबांची अजून आहे, छपराखाली, पालथी."

"मग हे तुम्ही आत्ता सांगताय?" पट्टीबाई म्हणाल्या.

"मला कुणी विचारलं नाही."

दोघीजणी पळत गेल्या आणि जुन्या होडीची लांबी दोरीवर घेऊन आल्या. आजच्या होडीच्या दीडपट भरली. म्हणजे आणखी सहा लांब्या आत आणि साडेतीन डावीकडे. समितीला थांबायला सांगायची हिंमत कुणाला होईना. नणंद सरळ अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली. "एकोणीस वर्षं मी थांबले, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही तास-दीड तास थांबा." अध्यक्ष बांधावर बसले, काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "थांबतो."

अशी कापणी त्या काठाने कधी पाहिली नव्हती. फक्त विळ्यांचा आवाज, आणि मधूनच पायाखालून फडफडत उडणारी पाणकोंबडी. दमल्या बाईच्या हातचा विळा दुसरी घ्यायची. नणंदेने कापावं, पट्टीबाईंनी मूठ धरावी, असं चाललं होतं; दोघींनाही ते लक्षात आलं होतं आणि दोघीही ते दाखवत नव्हत्या.

शेवटची साडेतीनवी लांबी संपली तिथे मॅडमनी सळई टेकली. जरासा जोर दिला आणि सळई हातातून सुटलीच. सर्रकन खाली गेली, पार मुठीपर्यंत. वरची जमीन गादीसारखी हलली आणि सळईच्या कडेने पाणी वर आलं, गार, स्वच्छ, वाहतं. पट्टीबाईंनी कोपरापर्यंत हात घातला. पाणी बोटांना ओढत होतं, धाकट्याच्या दिशेने. आणि मग बोटांना काहीतरी टणक लागलं. लाकडाचा बुंधा, काळाकुळकुळीत, माणसाच्या मांडीएवढा, पाण्यात उभा रोवलेला. होड्या वळवायची खूण.

"काळी काडी," नणंद म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आई गं."

मॅडमनी तिथेच हिरव्या रंगाची बाटली ओतली. कुणाला अपाय न करणारा रंग, त्यांनी समितीला आधी दाखवलेला. मग सगळी वरात रस्त्याने धाकट्याच्या काठावर गेली. आता रंग निघेल तर कुठे निघेल, यावर अध्यक्ष आणि मॅडम नकाशा पसरून बोलायला लागले. बायकांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. त्या जाऊन उभ्या राहिल्या ते पश्चिमेच्या कोपऱ्यात. भर उन्हाळ्यात जिथे पाणी गार लागतं तिथे. सर्वांत मऊ काडी जिथे येते तिथे. आपण इथलीच काडी का कापतो, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

पाऊण तास गेला. चुन्याच्या खुणा उन्हात चमकत होत्या. पट्टीबाईंच्या हाताला कुणाचा तरी हात लागला आणि तो त्यांनी घट्ट धरला. कुणाचा ते बघायची गरज नव्हती, त्या हाताला इस्त्रीचे जुने चटके होते.

मग पाण्यात खालून एक हिरवी रेघ उगवली. बोटाएवढी, मग हाताएवढी, मग सगळा कोपरा हिरवा झाला. त्यात दोन पाणकोंबड्या पोहत होत्या, त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. एकजण ओरडली, मग सगळ्याच ओरडल्या, आणि लव्हाळ्यांतून बगळ्यांचा अख्खा थवा वर उठला. मॅडम चिखलाच्या बुटांसकट नाचत होत्या. घड्याळ बघणारा सभासदही टाळ्या वाजवत होता. पट्टीबाईंचा नवरा मिटल्या ओठांनी हसत उभा होता, आजचा त्याचा कोटा कधीच संपला होता.

अध्यक्ष काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिले. सरळ झाले तेव्हा लेखनिकाला म्हणाले, "तीन तळी नाहीत, एकच आहे. लिहा." मग बायकांकडे वळले. "आणि हे एका चटईवरून सापडलं, असं मॅडम सांगतायत. तुमची ती बक्षिसाची चटई मी भिंतीवर पाहिलीय, बाई. काय हात आहे तुमचा. अहवालात तिचा फोटो पहिल्या पानावर घालू."

खोलीतली कुणीच काही बोलणार नव्हती, हे पट्टीबाईंना ठाऊक होतं. नणंदही बोलणार नव्हती. ती पाण्याकडे बघत होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"ती नका घालू, साहेब," पट्टीबाई म्हणाल्या. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "माझी चटई सरळ आहे, आणि तिच्यामुळेच मॅडमचे तीन आठवडे वाया गेले. खरी चटई या माझ्या नणंदेची. सगळ्या गावाने हसून घेतलं, मी सर्वांत जास्त हसले, आणि हिने बाक सोडला नाही. फोटो काढायचा तर इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन काढा."

नणंदेने पाण्यावरची नजर काढली नाही. पण धरलेला हात तिने सोडला नव्हता, तो आता जोराने दाबला.

सोमवारी सकाळी गोदामवाल्यांनी आपला फलक उचलून नेला. त्याच सकाळी नणंद विणकामाच्या खोलीची पायरी चढली, बगलेत उशी आणि हातात सुरी घेऊन. भिंतीवर तिची पावलांच्या खळग्यांची चटई टांगलेली होती. बक्षिसाची चटई खाली पसरली होती, आणि पट्टीबाई तिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. समोर नवी चटई लावलेली, पहिले दोन चौकोन झालेले, दुसरा पट्टा नुकताच सुरू झालेला.

"काडी एक, होडी एक," पट्टीबाई मोठ्याने मोजत होत्या. बारा सरळ झाल्या. तेराव्या काडीला त्यांनी हात वळवला, तर हात ऐकेना. एकोणीस वर्षांची सवय, बोटं आपोआप सरळ रेषेत निघाली. त्यांनी काडी उसवली, पुन्हा घातली. तरी जेमतेम केसभर कलली.

नणंद त्यांच्या शेजारी टेकली, उशी नीट केली, आणि नव्या शिकाऊ मुलीकडे बघावं तसं पट्टीबाईंच्या हाताकडे बघितलं.

"वाकडं, वहिनी," ती म्हणाली. "अजून वाकडं."